औषधदान आणि निरोग्याची तपासणी : एक ऐतिहासिक मागोवा



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, शिष्यवृत्ती अशा अनेक कार्यांविषयी अधिकारी लेखक लिहितीलच. मी निवडलेला विषय तसा साधा आहे. ट्रस्टच्या सभागृहात आरोग्य तपासणी असते, त्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशी बसण्याची सेवा माझ्याकडे असते. तपासणीस कोण येतात, हे त्यामुळे मला जवळून दिसते. चाळिशीतील कर्ते पुरुष येतात, शेजारच्या गल्लीतील अन्य समाजाचे बांधव येतात, काही सुना लहान मुलांना घेऊन येतात. ज्यांच्यासाठी हा उपक्रम मुख्यत्वे योजिला, ती आपली साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी मात्र पहाटे अभिषेकाला येतात, गंधोदक मस्तकी लावतात, आणि सभागृहाच्या दारावरून तशीच घरी जातात. "आण्णा, जरा रक्तदाब बघून जा," म्हणावे तर उत्तर ठरलेले असते : "आम्हाला काय झालंय? आणि आता या वयात काय बघायचं?"

या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासात शोधावीत, असे मला वाटले. मी वैद्य नाही, पंडितही नाही. आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. परंतु वाचनाची आवड असल्याने जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने लहान मुलालाही पाठशाळेत शिकविली जातात. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याचे प्रकार सांगताना आहार, औषध, उपकरण आणि आवास अशी गणना केलेली आढळते. दोन्ही ठिकाणी औषधाचे स्थान आहाराच्या लगोलग आहे. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्याला सहा अंतरंग तपांत स्थान दिले आहे आणि ज्यांची सेवा करावयाची त्या दहा जणांच्या नामावलीत 'ग्लान', म्हणजे रोगाने पीडित मुनी, यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे रुग्णसेवा ही आपल्याकडे दयेपोटी करावयाची किरकोळ गोष्ट नव्हती, ती तपश्चर्येच्या पंक्तीला बसविलेली होती.

वैद्यकाचे शास्त्रही आपल्या आचार्यांना परके नव्हते. चौदा पूर्वांपैकी बारावे प्राणावाय पूर्व हे आयुर्वेदविषयक मानले जाते. ते आज उपलब्ध नाही. परंतु राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा संस्कृत वैद्यकग्रंथ रचला तो मात्र टिकून राहिला. आपल्या सोलापुरातून पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी तो १९४० साली संपादित करून प्रसिद्ध केला. या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की औषधात मांसाचा उपयोग करू नये, त्यावाचून चिकित्सा होऊ शकते, असे त्यात आग्रहाने प्रतिपादन केले आहे आणि हा विषय राजसभेत विद्वानांसमोर मांडला गेल्याचा उल्लेखही त्यात येतो. 'औषधात काय घातले आहे?' हा प्रश्न आपल्या घरातील आक्का आज विचारतात तेव्हा नातवंडे हसतात. त्यांनी हसू नये. तो प्रश्न अकराशे वर्षे जुना आहे.

याच परंपरेतून पुढे गावोगावी धर्मार्थ औषधालये निघाली. सोलापूरचे शेठ सखाराम नेमचंद जैन औषधालय आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या पर्वात, १९७४-७५ साली, देशभर सेवाकार्यांची जी लाट उसळली तीत जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये उभी राहिली आणि 'जयपूर फूट' जगभर पोहोचले. आपल्या ट्रस्टसारख्या लहानमोठ्या अनेक संस्थांची प्रेरणाही त्याच काळातील आहे.

या सर्व इतिहासात एक गोष्ट मला खटकते. औषधालयांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर दात्यांची नावे आहेत. परंतु ते दाते स्वतः त्या औषधालयाची पायरी क्वचितच चढले असतील. औषधदान ही देण्याची गोष्ट झाली, घेण्याची झाली नाही. 'शिबिर गोरगरिबांसाठी असते, आपण कशाला फुकटचे घ्यायचे?' ही आपल्या व्यापारी मनाची धारणा. तिच्यात स्वाभिमान आहे आणि तो चांगला आहे. परंतु तपासणी आणि औषध यांत फरक आहे. दुकानाचा मालक स्वतः माल मोजून घेतो तेव्हा तो कोणाची भीक घेत नसतो. ज्यांना विनामूल्य तपासून घेणे अप्रशस्त वाटते त्यांनी येताना दानपेटीत यथाशक्ती रक्कम टाकावी. आपण रांगेत बसलात तर आपल्या मागे बसणाऱ्या गरीब शेजाऱ्याचा संकोच जाईल, हे पुण्य वेगळेच.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि तिचे मूळ इतिहासात आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला सरकारी 'तपासणी' हा शब्द प्रथम कधी कळला? प्लेगच्या साली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला, पुढील वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला. रेल्वेच्या फलाटावर उतारूंना रांगेत उभे करून काखेत व जांघेत गाठी आहेत का ते पाहिले जाई, स्त्रियांचीही तीच विटंबना होई. पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून झडती घेत, आजारी माणसाला उचलून नेत, सामान जाळून टाकीत. या संतापातूनच १८९७ च्या जून महिन्यात रँडचा वध झाला. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठी तर लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. तपासणी म्हणजे अपमान, तपासणी म्हणजे घरातून उचलून नेणे, ही धास्ती त्या पिढीने पुढच्या पिढीला दिली. 'डॉक्टरकडे गेलं की काहीतरी निघतंच', हे वाक्य आजही ज्यांच्या तोंडी आहे त्यांना प्लेग ठाऊक नाही; भीती मात्र वारशाने आली आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले तेव्हा तेथेही लोक जात ते अगदी नाइलाज झाल्यावरच. रोग हाताबाहेर गेल्यावर दवाखाना, हा क्रम इतका अंगवळणी पडला, की निरोगी माणसाने तपासून घेण्याची कल्पनाच विचित्र वाटावी.

ही कल्पना सर्व जगाला तेव्हा नवीनच होती. योगायोग असा, की ज्या १८९६ साली मुंबईत प्लेग आला त्याच साली इटलीतील डॉ. रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजण्याचे साधन प्रसिद्ध केले. १९०५ मध्ये रशियातील डॉ. कोरोत्कोव्ह यांनी नळी लावून आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली आणि आज आपल्या सभागृहातील परिचारिका जे करते ते तेव्हापासून शक्य झाले. या साधनाचे महत्त्व लवकर ओळखणाऱ्यांत अमेरिकेतील विमा कंपन्या अग्रभागी होत्या. अर्जदार धडधाकट दिसतो, परंतु पट्ट्यातील आकडा मोठा आहे, तर हा विमा तोट्याचा, हे त्यांच्या हिशेबनिसांना उमगले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या गोष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. माणसाला दुखत नसतानाही धोका असू शकतो, हे खतावणीवाल्यांनी ताडले होते.

डॉक्टरांची मात्र अनेक वर्षे एक वेगळीच समजूत होती. वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, तो नैसर्गिकच आहे, असे मानीत. 'वय अधिक शंभर' असा एक ठोकताळाच रूढ होता. सत्तरीच्या माणसाचा वरचा आकडा एकशे सत्तर असेल तर ते ठीकच, असा त्याचा अर्थ. आपले ज्येष्ठ आजही हे सूत्र सांगतात, तेव्हा ते अडाणीपणाने बोलत नसतात. त्यांच्या तरुणपणी एखाद्या जाणत्या डॉक्टरानेच त्यांना ते सांगितलेले असते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढत गेला. वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे, असे त्यांचे खासगी डॉक्टर जाहीरपणे सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाची ही कथा.

त्यानंतर तीनच वर्षांत, १९४८ मध्ये, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम नावाच्या एका मध्यम आकाराच्या गावात एक अभिनव कार्य सुरू झाले. तेथील ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांनी दर दोन वर्षांनी स्वतःची तपासणी करून घेण्याचे मान्य केले. त्यांच्यात हृदयविकाराचे रुग्ण शोधावयाचे नव्हते. चांगल्या माणसांपैकी पुढे कोणाला हृदयविकार होतो आणि का होतो, हे पाहावयाचे होते. दुकानदार, कामगार, गृहिणी अशी ही साधी माणसे दर दोन वर्षांनी येत राहिली. पुढे १९७१ पासून त्यांची मुले येऊ लागली. वाढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांचा हृदयाशी आणि मेंदूशी असलेला संबंध जगाला स्पष्ट झाला तो मुख्यतः या गावकऱ्यांच्या चिकाटीमुळे. मला या घटनेचे महत्त्व एखाद्या लढाईपेक्षा अधिक वाटते. एका गावाने नियमितपणे रांगेत बसून जगाला ज्ञान दिले. शास्त्रदान याहून निराळे काय असते?

आता 'या वयात काय बघायचं' या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न वैद्यकानेही स्वतःला विचारला होता. १९९१ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात साठीच्या पुढील ४,७३६ व्यक्ती होत्या. सर्वांचा वरचा रक्तदाब वाढलेला, खालचा मात्र ठीक. हीच ती स्थिती, जिला पूर्वी वयाचा परिणाम म्हणून सोडून देत. ज्यांना औषध दिले त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे २००८ मध्ये ऐंशी वर्षांवरील ३,८४५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐंशीनंतर उपचार करावेत की नाही याविषयी तोवर डॉक्टरांतच मतभेद होते. त्या अभ्यासात उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने घटले, आणि फायदा इतका स्पष्ट दिसला, की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. म्हणजे 'वय अधिक शंभर' हा नियम आता वैद्यकाने स्वतःच मोडीत काढला आहे. जुन्या नाण्यासारखा तो काहींच्या गाठोड्यात राहिला आहे, इतकेच. पक्षाघाताने आलेला मृत्यू एकवेळ सोपा. परंतु पक्षाघातानंतर दहा वर्षे अंथरुणात काढणे आणि ज्या हातांनी जिनबिंबाला अभिषेक केला ते हात दुसऱ्याने उचलून ठेवावे लागणे, हे कोणालाच नको असते.

येथे एक नाजूक विषय काढणे भाग आहे. काही ज्येष्ठ म्हणतात, "आपल्या धर्मात देहाची आसक्ती सोडायला सांगितली आहे. शेवटी सल्लेखना आहेच. मग या देहाची तपासणी कशाला?" या वेळी चारित्र चक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराजांचे उदाहरण हटकून दिले जाते. आपल्या भागातील भोज गावचा हा महान आत्मा. दृष्टी क्षीण झाल्यावर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे यम सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी त्यांचे समाधिमरण झाले. हे उदाहरण देणाऱ्यांनी त्यामागील कारणही ध्यानात घ्यावे. मुनींना ईर्या समिती पाळावयाची असते. चालताना समोरची चार हात भूमी पाहून, जीवजंतूंना बाधा होणार नाही असे पाऊल टाकावयाचे असते. आहारही शोधून घ्यावयाचा असतो. डोळ्यांना दिसेनासे झाले, की अठ्ठावीस मूलगुणांचे निर्दोष पालनच होत नाही. महाराजांनी व्रतासाठी देह सोडला. आपण गृहस्थ काचबिंदूची तपासणी टाळतो ती कोणत्या व्रतासाठी?

आणि शास्त्र तरी काय सांगते? रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगितले आहेत : उपसर्ग, दुर्भिक्ष, जरा आणि रोग. परंतु त्यांना एक विशेषण जोडले आहे, 'निःप्रतीकार'. ज्यावर कोणताही उपाय उरलेला नाही, असे. हा शब्द मी वारंवार वाचला. रोगावर उपाय नाही असे म्हणण्यापूर्वी रोग कोणता हे तरी ठाऊक असावयास हवे. ज्याने कधी तपासणीच केली नाही तो आपली व्याधी निःप्रतीकार आहे असे कोणत्या आधारावर म्हणणार? आचार्यांनी हा एक शब्द घालून उपेक्षेचा मार्ग बंद करून टाकला आहे, असे माझे नम्र मत आहे. विद्वानांनी याचा अधिक खुलासा करावा.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना-संथारा बेकायदेशीर ठरविला तेव्हा आपला सारा समाज रस्त्यावर उतरला होता. सल्लेखना म्हणजे आत्महत्या नव्हे, ती पूर्ण विचारान्ती, गुरूंच्या संमतीने, समताभावाने करावयाची साधना आहे, हे आपण मोर्चे काढून जगाला सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. ज्या समाजाने हे एवढ्या निष्ठेने सांगितले त्यानेच घरात मात्र सल्लेखनेचे नाव घेऊन साखरेची तपासणी टाळावी, हे शोभत नाही.

काचबिंदूचा उल्लेख वर आला आहे, तर तेथेच थोडे थांबतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची गल्लत आपल्याकडे फार होते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून नवीन बसविले, की पुन्हा दिसू लागते. लंडनचे डॉ. रिडली यांनी असे कृत्रिम भिंग १९४९ साली प्रथम बसविले आणि आज ती शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावीही होते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात डोळ्यामागील नस हळूहळू मरत जाते, बहुधा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे. बाजूचे दिसणे आधी जाते, समोरचे शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणसाला संशयही येत नाही. आणि जे गेले ते परत येत नाही. डोळ्यातील दाब मोजण्याचे साधनही १९०५ मध्येच नॉर्वेतील डॉ. शिओट्झ यांनी काढले. म्हणजे उपाय शतकाहून जुना आहे. आमच्या पेठेत एक ज्येष्ठ व्यापारी होते. अंगठा आणि तर्जनीमध्ये कापड धरून सुताचा नंबर सांगत आणि सहसा चुकत नसत. त्यांना दुकानाच्या उंबऱ्याशी उभा असलेला माणूस दिसत नसे, बाजूने येणारी सायकल दिसत नसे. वय झाले, लक्ष नसते, असे सर्वांनी गृहीत धरले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा एक डोळा गेलेला होता, दुसऱ्यातही फारसे उरले नव्हते. पुढील काही वर्षे ते गल्ल्यावर बसून केवळ हाताने कापड चाचपीत. डोळ्यात रोज घालावयाच्या थेंबांनी ते टळू शकले असते.

शाकाहारी माणसाने अवश्य लक्ष द्यावे अशी आणखी एक बाब म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात यश आले. वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसते; आपल्याला जे मिळते ते दूध, दही, ताक यांतून, आणि उतारवयात पोटातून ते शोषून घेण्याची शक्तीही मंदावते. त्याची उणीव झाली, की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, थकवा येतो, विस्मरण होते. ही लक्षणे आपण वयाच्या खात्यावर लिहून मोकळे होतो, आणि ज्या जमाखर्चात हाती असलेली जमाच दाखविलेली नाही तो चुकीचाच ठरतो. हे जीवनसत्त्व कारखान्यात सूक्ष्मजीवांच्या आंबवण्याच्या क्रियेतून तयार करतात, त्यासाठी प्राण्याची हत्या करावी लागत नाही. मात्र कॅप्सूलचे वरचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. तेव्हा आक्कांनी डॉक्टरांना निःसंकोच सांगावे, की मला गोळी द्या, कॅप्सूल नको. उग्रादित्याचार्यांच्या परंपरेला धरूनच ते होईल.

आपला एक नियम तर तपासणीला अनुकूलच आहे. उपाशीपोटी साखर तपासावयाची तर किमान आठ तास काही खाल्लेले नसावे लागते. इतरांना त्यासाठी आदल्या रात्री बजावावे लागते. ज्याचा रात्रिभोजनत्याग आहे तो सकाळी देवदर्शनाला येतो तेव्हा बारा तासांचा उपाशी असतो. मंदिरातून उतरावे, सभागृहात रक्त द्यावे, घरी जाऊन अल्पोपाहार करावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. आपला समाज त्याला अपवाद नाही. बैठा व्यवसाय आणि सणासुदीची गोडधोड यांमुळे आपण उलट पुढेच असू. आणि मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू असताना दशलक्षण पर्वात निर्जल उपवास धरावयाचा असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. साखर एकाएकी उतरून भोवळ येणे हे तपाचे फळ नव्हे.

स्त्रियांविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. आपल्या आया-आक्का व्रते करतात, मुनिसंघाच्या चौक्याला पहाटे तीनपासून उभ्या राहतात, घरातील प्रत्येकाच्या औषधाची वेळ त्यांना पाठ असते. स्वतःची तपासणी मात्र 'पुढच्या वेळी'. नावनोंदणीच्या वहीत 'सौ.' आणि 'श्रीमती' शोधाव्या लागतात. याची दोन कारणे मला दिसतात : सकाळची वेळ स्वयंपाकाची, आणि तपासणारे डॉक्टर पुरुष. दोन्हींवर उपाय आहे. विश्वस्त मंडळाने दुपारची वेळ आणि स्त्री-डॉक्टर यांची सोय करावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि पुढे बोर्डिंगे निघाली, तेव्हाही मुलांना घराबाहेर पाठवावयास आईबाप तयार नव्हते. कार्यकर्त्यांनी घरोघर हिंडून मन वळविले म्हणून आज आपण शिकलेले आहोत. महिला मंडळाने तसेच घरोघर जावे, नुसते निमंत्रण न देता सोबत घेऊन यावे.

सरकारचेही काही उपक्रम आहेत. २०१० पासून मधुमेह, हृदयरोग, कर्करोग आदींसाठी आणि ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीवरील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी, तसेच स्त्रियांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी विनामूल्य करण्याची योजना आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. हे कार्ड अवश्य काढावे. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते, दाखल होण्याची वेळ टाळण्यासाठी नव्हे. आपल्या व्यापारी बंधूंना दुसरेही एक आठवण करून द्यावेसे वाटते. २०१२ च्या अर्थसंकल्पाने प्रतिबंधक आरोग्य तपासणीच्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाला प्राप्तिकरात वजावट दिली, तीत आईवडिलांची तपासणीही धरली. चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत ही रक्कम दरवर्षी विचारली जाते, आणि आपण 'निरंक' म्हणून पुढे जातो.

एक सावधगिरीची सूचना. हल्ली सत्तर-ऐंशी तपासण्यांची 'पॅकेजे' विकली जातात. कापडाच्या सेलमध्ये कोणता माल काढतात ते आम्हाला विचारा. उतारवयातील माणसाला नियमाने लागतात त्या गोष्टी थोड्या आहेत : रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचे कार्य, डोळ्यांतील दाब व दृष्टी, ऐकू येणे, वजन, दात आणि तोंड, चालताना तोल. बाकीचे डॉक्टर सांगतील तेव्हा. गरजेपेक्षा अधिक शोधले तर निरुपद्रवी गोष्टीही रोग म्हणून हाती येतात आणि घरभर काळजी पसरते. आपल्या ट्रस्टची तपासणी साधी आहे, तिचे मला समाधान वाटते.

येताना चालू असलेली सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावीत. चिठ्ठी हरवलेली असते, गोळ्यांची पाकिटे खोटे बोलत नाहीत. काढे, चूर्णे, शेजाऱ्यांनी दिलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या, सर्व. त्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर भार पडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. चष्मा विसरू नये. रक्तदाबाची रोजची गोळी त्या दिवशी चुकवू नये, मधुमेहाची मात्र काही खाल्ल्यानंतरच घ्यावी. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी नोंदणीचे टेबल खाली, चप्पल-स्टँडशेजारी मांडले जाईल आणि डॉक्टर तेथे उतरून येतील. तसे ठरले आहे. मुलाला वा नातवाला बरोबर आणावे. आकडा त्यालाही कळलेला बरा.

जय जिनेंद्र.